साखर नाही, मग साखरेची गोळी कशाला?

या वेळच्या टपालात मधुमेहावरच्या एकाच गोळीचं नाव पुन्हा पुन्हा आलं: मेटफॉर्मिन. एका गोळीवर सगळं सदर खर्च करू नये असं संपादकांचं म्हणणं होतं. पत्रं वाचल्यावर त्यांनीच बेत बदलला. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत. आणि एक नेहमीचं सांगणं: मी सांगलीत बसून तुमचे रिपोर्ट तपासलेले नाहीत. इथलं वाचून गोळी सुरू करू नका आणि बंदही करू नका. तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मॅडम, माझं वय २९. लग्नाला चार वर्षं झाली. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. वजन ६१ किलो, उंची पाच फूट दोन इंच. दिवस राहावेत म्हणून डॉक्टरांनी लेट्रोझोल दिली आणि जोडीला मेटफॉर्मिन ५००, दिवसातून दोनदा. मेडिकलवाल्यानं चार माणसांत विचारलं, ‘घरात शुगर कुणाला?’ घरी येऊन मोबाइलवर बघितलं तर ती डायबिटीसचीच गोळी. माझा एचबीएवनसी ५.४ आहे. मी गोळी बंद केली. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. माझं काही चुकलं का? – कराड

डॉक्टरांना सांगितलं नाहीस, तेवढंच चुकलं. बाकी तुझी शंका रास्त आहे. एचबीएवनसी म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज. तुला मधुमेह नाही, ५.४ हा आकडा सरळ नॉर्मल आहे. तरीही ही गोळी देण्यात गैर काही नाही. ती कशासाठी, हे तुला कुणी समजावून सांगितलं नाही, ही मात्र आमच्या व्यवसायाची जुनी खोड. एका सकाळी साठ पेशंट बघायचे म्हटल्यावर पहिली काटछाट बोलण्यातच होते.

ओपीडीत मी हे असं सांगते. घरातल्या आजोबांना ऐकू कमी येत असेल तर आपण आवाज चढवून बोलतो. पीसीओडी म्हणजे ओव्हरीतलं बीज वेळेवर न पिकण्याचा विकार, त्यालाच पीसीओएसही म्हणतात. तो असलेल्या बऱ्याच जणींच्या स्नायूंना आणि यकृताला इन्शुलिनचं बोलणं कमी ऐकू येतं. मग स्वादुपिंड आवाज चढवतं, म्हणजे जास्त इन्शुलिन सोडतं. त्यामुळे साखर आटोक्यात राहते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. पण शेजारच्या खोलीत बसलेल्या ओव्हरीचे कान शाबूत असतात. तिच्यापर्यंत तो सगळा आरडाओरडा पोचतो आणि ती पुरुषी हार्मोन्स गरजेपेक्षा जास्त बनवू लागते. त्यातच यकृत एक प्रथिन कमी बनवतं, जे एरवी टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. परिणाम तुला माहीत आहेतच: हनुवटीवर केस, मुरुमं, मानेवर कितीही घासलं तरी न जाणारा काळपटपणा. आणि मुख्य म्हणजे बीज पिकत नाही. एका पाळीत एक बीजकोष, म्हणजे बीजाभोवतीची इवली पिशवी, पुढे जाऊन फुटायला हवा, त्याऐवजी पुष्कळसे थोडे थोडे वाढून अडून बसतात. सोनोग्राफीवाले ज्यांना ‘गाठी’ म्हणतात ते हेच. त्या गाठी नव्हेत, त्यांचं ऑपरेशन करायचं नसतं आणि त्यांचा कॅन्सरही होत नाही. हे इतक्या वेळा सांगून झालंय, तरी दर महिन्याला कुणीतरी ‘गाठी काढून टाका’ म्हणत येतंच.

मौज म्हणजे सुरुवातीला डॉक्टरसुद्धा कापाकापीच करत. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोघांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकिकत छापली. तेव्हा उपाय होता ओव्हरीचा पाचरीसारखा तुकडा कापून काढण्याचा. गंमत अशी की त्यानं पाळी यायचीही. इन्शुलिनचा धागा हाती लागला तो १९८० साली. मग विचार आला की इन्शुलिनचा आवाजच खाली आणला तर? १९९४ मध्ये व्हेनेझुएलातल्या डॉक्टरांनी पीसीओएसच्या स्त्रियांना मेटफॉर्मिन देऊन पाहिलं. तुझ्या हातातली गोळी त्या वाटेनं इथवर आली आहे. ती यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि शरीराला इन्शुलिन जरा बरं ऐकू येऊ लागतं. मग स्वादुपिंडाला ओरडावं लागत नाही.

‘पण मी तर जाड नाही,’ असं तू लिहिलं नाहीस तरी मनात असणार. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, साडेचोविसाच्या आसपास येतो. युरोपीय मापानं नॉर्मल, पण आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त धरतात. त्यामागचं कारण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी एका फोटोत दाखवलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर जे दिसत नाही, ते आपल्या पोटात दडलेलं असतं. म्हणून साडीत सडपातळ दिसणाऱ्या मुलीलाही मी कमरेचा घेर मोजायला लावते.

आता खरा प्रश्न: या गोळीनं दिवस राहतात का? इथे जरा रोखठोक बोलते, कारण या गोळीकडून नको तितकी आशा ठेवली जाते. २००७ साली अमेरिकेत ६२६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. सहा महिन्यांच्या उपचारांनंतर मूल हाती आलेल्यांचं प्रमाण असं: नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्या ७.२ टक्के, नुसती क्लोमिफेन (बीज पिकवणारी जुनी गोळी) घेणाऱ्या २२.५ टक्के, दोन्ही घेणाऱ्या २६.८ टक्के. शेवटच्या दोन आकड्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. म्हणजे बीज पिकवण्याच्या कामात मेटफॉर्मिन एकटी फारशी पुरी पडत नाही. त्या अमेरिकन स्त्रिया वजनानं तुझ्यापेक्षा पुष्कळ भारी होत्या, हेही ध्यानात ठेव. तुझ्यासारखीला थोडा जास्त उपयोग होऊ शकतो. नंतर २०१४ मध्ये ७५० स्त्रियांवरच्या अभ्यासात लेट्रोझोलनं, म्हणजे बीज पिकवणाऱ्या तुझ्या दुसऱ्या गोळीनं, क्लोमिफेनला मागे टाकलं: २७.५ टक्के विरुद्ध १९.१ टक्के. आज जगभर पहिली पसंती लेट्रोझोललाच आहे. आपल्याकडे २०११ ते २०१७ या काळात वंध्यत्वासाठी ती वापरायला बंदी होती. नेटवर जुन्या बातम्या अजून फिरतात, त्या वाचून ती गोळीही बंद करू नकोस!

तर तुझ्या चिठ्ठीतली मुख्य गोळी लेट्रोझोल आणि मेटफॉर्मिन तिची मदतनीस. मदतनीस लागतेच असं नाही. डॉक्टरांना फोन कर, गोळी थांबवल्याचं सांग आणि सरळ विचार: ‘माझ्या बाबतीत मेटफॉर्मिन कशासाठी आणि किती महिने?’ घरात आई-वडिलांना मधुमेह असेल, मान काळी असेल, कमरेचा घेर वाढला असेल, तर ती चालू ठेवण्याला आधार आहे. एचबीएवनसी नॉर्मल असला तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी एकदा करून घे, पीसीओडीत ती जास्त भरवशाची. आणि मेडिकलवाल्याच्या प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. चिठ्ठी पुढे करायची, पैसे द्यायचे, निघायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रोज एसटीनं पाऊण तास जावं लागतं. मेटफॉर्मिन सुरू केल्यापासून सकाळी पोटात कळ येते, जुलाब होतात, तोंडाला लोखंडासारखी चव. शाळेतल्या बाथरूमची अवस्था तुम्हाला माहीत असेलच. एकदम १००० ची गोळी दिली आहे. सोडून देऊ का? – जत

जतच्या बाजूला मी शिबिरं घेतली आहेत, त्यामुळे बाथरूमबद्दल जास्त लिहायला नको!

सोडू नका, आधी पद्धत बदलून बघा. एकदम १००० वर उडी मारली की बहुतेकांचं पोट असंच बंड करतं. माझी रीत अशी: पहिले एक-दोन आठवडे फक्त ५००, तीही रात्रीच्या जेवणात. जेवणाआधी नाही, नंतर तासाभरानं तर नाहीच. अर्धी भाकरी पोटात गेली की मधेच गोळी आणि वर उरलेली भाकरी. पोट निवलं की पुढचे ५०० वाढवायचे. पुन्हा त्रास झाला तर एक पायरी खाली यायचं. सकाळी एसटी असेल तर सगळा डोस संध्याकाळकडे सरकवता येतो का, ते डॉक्टरांना विचारा. एसआर किंवा एक्सआर लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी त्यासाठीच असते. ती अख्खीच गिळायची, कुटायची नाही, चावायची नाही. कधीकधी तिचं रिकामं टरफल शौचावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. ‘गोळी लागूच पडत नाही, तशीच पडते’ अशी तक्रार घेऊन बायका येतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं. औषध आतून निघून गेलेलं असतं.

बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत निवळतो. उलटी-जुलाब जास्त होऊन अंगातलं पाणी कमी झालं, ताप असेल, पोटात काही राहत नसेल, तर त्या दिवसांत गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना ही गोळी द्यायची की नाही ते क्रिएटिनिन पाहून ठरतं; सुरू करण्याआधी ती तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट लिहितेच. मेटफॉर्मिन लांबली की बी-१२ घटू शकतं आणि शाकाहारी घरात ते आधीच काठावर असतं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा याज्ञिकांच्याच गटानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्या मातांचं फोलेट (म्हणजेच फोलिक ॲसिड) भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनचा अडथळा जास्त दिसला. आपण तर दिवस राहायच्या आधीपासून मुठीनं फोलिक ॲसिड देतो. म्हणून मेटफॉर्मिनवरच्या माझ्या प्रत्येक पेशंटचं बी-१२ मी बघते, कमी असेल तर गोळ्या-इंजेक्शनं देऊन भरून काढते, मग पुढचं बोलते. हातापायांना मुंग्या, जिभेला जळजळ असेल तर थांबू नका, लगेच तपासा.

डॉक्टरीणबाई, माझं वय ६१. लहान सुनेच्या कपाटात डायबेटीसच्या गोळ्या सापडल्या. माझ्या डब्यातली गोळी आणि तिची गोळी, नाव सारखंच. लग्नात आम्हाला कुणी सांगितलं नाही. आता म्हणते, मूल होण्यासाठी घेते. इंग्रजी गोळ्यांनी पिशवीला उष्ण पडतं ना? त्यापेक्षा काढा दिला तर? साखर असलेल्या मुलीला मूल होईल का? – विटा

काकू, आधी जीव भांड्यात पडू द्या. तुमच्या सुनेला मधुमेह असल्याचं या गोळीवरून ठरत नाही. वर कराडच्या मुलीला सविस्तर लिहिलंय, ते चष्मा लावून वाचा. लग्नात लपवावं असं यात काही नाही. पाळी उशिरा येणं ही आपल्या राज्यात घरोघरी असणारी गोष्ट आहे.

उष्ण पडण्याबद्दल: ही गोळी गर्भाशयाचं काही बिघडवत नाही. आणि ‘इंग्रजी’ म्हणाल तर तिचं मूळ एका झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची वनस्पती उगवते, फार लघवी होणाऱ्या रोग्यांना ती जुन्या काळी देत. तिच्यातल्या द्रव्याचा माग काढत काढत हे औषध बनलं, आणि १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी मधुमेह्यांवर वापरून ते जगापुढे आणलं. मी तुमच्या जागी असते तर काढ्याचं नाव काढलं नसतं. त्यात काय असतं ते सुनेच्या डॉक्टरांना कळत नाही आणि पुढचं सगळं गणित फिसकटतं.

पण काकू, एका गोष्टीची मला धास्ती वाटते. ‘नाव सारखंच’ असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या वयाच्या पुष्कळ जणींच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड मिसळलेलं असतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं. सुनेची गोळी संपली म्हणून तुमच्या डब्यातली तिला दिलीत, तर मधुमेह नसलेल्या मुलीची साखर एकदम खाली जाऊन ती चक्कर येऊन पडेल. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा तसं होत नाही. डबे वेगळे ठेवा. सुनेचं कपाट तर सुनेचंच राहू द्या.

आणि मुलाची वीर्यतपासणी झाली आहे का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. सुनेच्या गोळ्या मोजण्याआधी ते विचारायला हवं होतं. दोन-तीन दिवस संबंध टाळून द्यायची, स्वस्तातली, न टोचणारी तपासणी आहे. वर्षभर बायकोची सोनोग्राफी करून शेवटी नवऱ्यात दोष निघालेली जोडपी मी सतत बघते.

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सुरू करतोय. एएमएच ९.८ आहे. आधीच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन चालू ठेवा म्हणून बजावलं होतं, नवीन सेंटरवाले म्हणतात गरज नाही. दोघांपैकी बरोबर कोण? – नाशिक

दोघंही बरोबर असू शकतात. कुठल्या पद्धतीनं इंजेक्शनं देणार, त्यावर ते ठरतं.

इतका एएमएच म्हणजे ओव्हरीत बीजकोषांची गर्दी आहे. इंजेक्शनं दिली की ते एकदम उसळतात, आणि भीती असते ओएचएसएसची: ओव्हरी सुजतात, पोटात पाणी साठतं, रक्त दाट होतं. जुन्या ‘लाँग प्रोटोकॉल’मध्ये हा धोका मोठा असे. २००६ साली इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत गंभीर ओएचएसएस ३.८ टक्के आणि न घेणाऱ्यांत २०.४ टक्के दिसला. हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. तुमचे पहिले डॉक्टर त्या पिढीचे असावेत, आणि त्यांची काळजी खरी होती.

आता बहुतेक सेंटर ‘अँटॅगोनिस्ट’ पद्धत वापरतात. बीज पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, म्हणजे ‘ट्रिगर’, एचसीजीऐवजी वेगळ्या जातीचं (ॲगोनिस्ट) देता येतं आणि तयार झालेले सगळे गर्भ गोठवून ठेवून पुढच्या एखाद्या महिन्यात सोडता येतात. या वाटेनं ओएचएसएस मुळातच कमी होतो, आणि तिथे मेटफॉर्मिनची भर पडून जास्त काही साधतं असं दिसलेलं नाही. त्यामुळे नवीन सेंटरला ‘मेटफॉर्मिन हवी का’ हे विचारू नका. विचारायचं ते हे: ‘प्रोटोकॉल कोणता? ट्रिगर कोणता? सगळे गर्भ गोठवणार का?’ उत्तरं अँटॅगोनिस्ट, ॲगोनिस्ट ट्रिगर, होय अशी आली तर गोळी सोडायला हरकत नाही. लाँग प्रोटोकॉल असेल तर चालू ठेवण्याचा आग्रह धरा.

बीज काढण्याच्या दिवशी उपाशीपोटी बोलावतात, त्या सकाळच्या गोळीचं काय करायचं ते भूलतज्ज्ञांना विचारा. आणि नंतरच्या आठवड्या-दहा दिवसांत पोट टम्म फुगणं, दिवसाला किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजताही फोन करायचा. ‘सकाळी बघू’ म्हणायची ही वेळ नव्हे.

मी ३१ वर्षांची, आयटीत आहे. वजन ९२ होतं. जिममधल्या ओळखीतून वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन मिळालं. ११ किलो उतरले, दोन महिने पाळी आपोआप आली! आता आयुआय (नवऱ्याचं वीर्य नळीनं गर्भाशयात सोडणं) करून घ्यायचं ठरवलंय. इंजेक्शन चालू ठेवू ना? – पुणे

नाही. आणि हे आजच वाच, आयुआयच्या तारखेपर्यंत थांबू नकोस.

वजन उतरल्यावर पाळी परत येणं अगदी अपेक्षित आहे. पाच-दहा टक्के वजन कमी झालं तरी बऱ्याच जणींचं बीज सुटू लागतं. पण पाळी आली म्हणजे बहुधा बीज सुटत असणार, म्हणजे आयुआयशिवायही तुला दिवस राहू शकतात, आणि या औषधावर असताना ते राहू नयेत. सेमाग्लुटाइड असेल तर गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याच्या निदान दोन महिने आधी बंद करायचं. ते अंगात फार काळ रेंगाळतं. टिर्झेपेटाइड असेल तर निदान एक महिना आधी. तोवर निरोध वापरायचा. टिर्झेपेटाइडवर असताना गर्भनिरोधक गोळीवर एकटीवर भिस्त ठेवू नये, विशेषतः सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर चार आठवडे, कारण पोट हळू रिकामं होतं आणि गोळी नीट शोषली जात नाही. पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तरी हे औषध घेतल्याचं भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. उपाशी असूनही पोटात अन्न शिल्लक राहू शकतं.

औषध वाईट नाही. ते जिममधून आलं, ते वाईट. शीतपेटीत राहायला हवं ते कुणाच्या बॅगेतून किती फिरलं, देव जाणे. इंजेक्शन थांबल्यावर भूक परत येईल आणि वजनही चढू पाहील. त्या मधल्या काळासाठी मेटफॉर्मिनचा विचार होऊ शकतो, कारण दिवस राहिले तरी तिची तशी भीती नाही. तेव्हा आधी एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) गाठ, आयुआय दोन महिन्यांनी.

वय ३६, पीसीओएस आहेच, आणि तीन वर्षांपासून खरा डायबिटीस. एचबीएवनसी ८.६. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डॅपाग्लिफ्लोझिन, शिवाय बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलची गोळी. वय वाढतंय म्हणून लगेच ट्रीटमेंट सुरू करायची आहे. – सोलापूर

तुमची घाई मला समजते. पस्तिशीनंतर प्रत्येक महिना मोलाचा वाटतो. तरीही आधी साखर. बाळाचं हृदय, मणका हे सगळं पहिल्या सात-आठ आठवड्यांत घडतं, म्हणजे तुम्हाला दिवस गेल्याचं कळेपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं. त्या वेळी आईची साखर चढी असेल तर व्यंगाचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. एचबीएवनसी ६.५ च्या आत आणण्याचं उद्दिष्ट ठेवायचं. नेटानं केलं तर तीन-चार महिन्यांत बरंच खाली येतं, आणि बीजांची तपासणी, नळ्यांचा एक्सरे, नवऱ्याची तपासणी याच काळात उरकता येते. म्हणजे वेळ वाया जात नाही.

तुमच्या यादीतली मेटफॉर्मिन बहुधा राहील. डॅपाग्लिफ्लोझिन गर्भारपणात चालत नाही. टेल्मिसार्टन गर्भाच्या मूत्रपिंडाला घातक आहे, तिच्याऐवजी लॅबेटॅलॉलसारखी गोळी आधीच लावून घ्यायची. कोलेस्टेरॉलची गोळी सहसा थांबवतात. ग्लिमेपिराइडची जागा बहुतेक वेळा इन्शुलिन घेतं. इन्शुलिन म्हटलं की ‘आता शेवटचा टप्पा’ असं सोलापुरातच काय, सांगलीतही समजतात. तुमच्या बाबतीत ते बाळासाठीचं सगळ्यात सुरक्षित औषध आहे. यातली कुठलीही गोळी स्वतःहून थांबवू नका. फिजिशियन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकाच कागदावर लिहून दिलेली नवी यादी हातात आली की बदला. डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. फोलिक ॲसिड तुमच्यासाठी ५ मिलिग्रॅमचं, आजपासून.

मेटफॉर्मिनऐवजी इनोसिटॉलची पावडर घेतली तर? पोटाचा त्रास नाही म्हणतात. – चिपळूण

घेतलीत तर सहसा अपाय नाही. केस, वजन, बीज सुटणं यांबाबत मात्र तिच्या बाजूचा पुरावा मेटफॉर्मिनपेक्षा तोकडा आहे आणि खिशाला ती बरीच जड आहे. मी स्वतःहून लिहून देत नाही; कुणी आवडीनं घेत असेल तर अडवत नाही.

ताई, देवाच्या दयेनं दिवस राहिले! सातवा आठवडा. मेटफॉर्मिन चालू आहे. जाऊबाई म्हणतात लगेच बंद कर, डॉक्टर गावाला गेलेत. – फलटण

अभिनंदन! डॉक्टर परत येईपर्यंत त्यांच्या जागी जे बघतात त्यांना फोन करा, जाऊबाईंना नको. तोवर काही दिवस गोळी चालू राहिली म्हणून घाबरायचं कारण नाही. ही गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते हे खरं, पण सुरुवातीच्या महिन्यांत घेतल्यानं व्यंगांचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही.

पुढे सबंध नऊ महिने घ्यायची का, यावर आम्हा डॉक्टरांतही एकमत नाही. नॉर्वे आणि शेजारच्या देशांत पीसीओएसच्या गरोदर स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणातला मधुमेह मेटफॉर्मिननं टळला नाही; दोन्ही गटांत जवळपास चौथा हिस्सा स्त्रियांना तो झालाच. उशिराचे गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होण्याकडे मात्र कल दिसला. दुसरीकडे, गोळी घेतलेल्या आयांची मुलं चौथ्या वर्षी थोडी जाड निघाली. म्हणून मधुमेह नसेल तर मी साधारणपणे पहिल्या तिमाहीतच थांबवते, आणि आधी अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेली कुणी असेल तर तिच्याशी बोलून ठरवते. तुमचे डॉक्टर वेगळं म्हणाले तर त्यांना कारण विचारा. ते बहुधा सयुक्तिक असेल.

काही झालं तरी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी आत्ता एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. दोन तासांनी १४० किंवा त्यापुढे साखर आली की उपचार लागतात. पीसीओडीवाल्यांनी ही तपासणी कधीही टाळू नये.

नवरात्रात नऊ दिवस उपास असतो. मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ आहे, लेट्रोझोलचे पाच दिवसही त्यातच येताहेत. साबुदाण्याच्या खिचडीवर गोळी घेतली तर चालेल का? – कोल्हापूर

लेट्रोझोलला उपासाशी देणंघेणं नाही. पाचही दिवस ठरल्या वेळी घ्या, एकही चुकवू नका. मेटफॉर्मिन खिचडीवर चालते, पण साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. ज्या इन्शुलिनला आवर घालायला आपण गोळी देतोय, तेच तो उसळवतो. भगर घ्या, वाटीभरच, सोबत दाण्याची आमटी, दही, काकडी. राजगिराही चालेल, लाडू नको. ज्या दिवशी काहीच खाणार नसाल, त्या दिवशी मेटफॉर्मिन घेऊ नका. रिकाम्या पोटी ती पोट ढवळते. आणि अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत पाण्याची बाटली जवळ ठेवा. फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे बीजाची वाढ बघायची, सोनोग्राफी बहुतेक अष्टमी-नवमीच्या सुमारास येईल, तेव्हा सेंटर उघडं आहे का ते आताच विचारून घ्या.